लोळणबाईची खबरबात

११ फेब्रुवारी

मोजपट्टीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलं असशील, तर माझं निम्मं काम झालं. न उघडता फाडून टाकलं असशील, तर मी भिंतीशी बोलतेय. तेही मला नवीन नाही. गेले अकरा महिने तेच चाललंय.

पत्ता शेजारच्या शिवणबाईंकडून काढला. त्यांच्यावर रागावू नकोस. "मी सांगितलं म्हणून सांगू नका," असं त्यांनी मला तीनदा बजावलं. मी सांगितलं नसतं तरी तू ओळखलंच असतंस. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

पत्र लिहायला कारण घडलंय ते तुझ्या वाफ्याचं. मागच्या दारी, आपलं स्वयंपाकघर आणि शेजारच्या तीनमजली इमारतीची भिंत यांच्यामध्ये जो चिंचोळा तुकडा आहे ना, जिथे ऊन दिवसातून अर्धा तास येतं आणि तेही उपकार केल्यासारखं. तिथे मी वीस वर्षांत गुलाब लावले, शेवंती लावली, एकदा चिडून नुसता पुदिना लावला. सगळ्यांनी माना टाकल्या. आणि तू एका संध्याकाळी कामावरून आलीस ती जेवणाच्या डब्यात माती घेऊन. मी ओरडले होते. "अगं, त्यात उद्या भाजी भरायची आहे!" तू म्हणालीस, "आई, उद्या तिथून रस्ता जाणार. आखणी मीच केलीय. यंत्रं सकाळी येतील. ही वेल उतारावर सावलीत पसरलेली होती, हिला तिथेच सोडून कशी येऊ?" अकरा काड्या होत्या, ओल्या रुमालात गुंडाळलेल्या. तू म्हणालीस ही इथलीच आहे, इथल्याच मातीची. तू तिचं एक लांबलचक नाव सांगितलंस, ते माझ्या जिभेवर काही बसेना. सावलीत आडवी पडून नुसती लोळते म्हणून मी तिला लोळणबाई म्हणायला लागले. तू आधी नाक मुरडलंस, मग तूही तेच म्हणायला लागलीस.

तर लोळणबाईची पानं पिवळी पडताहेत. पाणी किती घालायचं, ऊन कमी पडतंय का, खत द्यायचं का, एवढं कळव.

बाकीचं जाऊ दे. माझ्या मुलाने जे केलं ते त्याने केलं. मी अंधारात होते, त्यात माझा काय दोष? जमलं तर एकदा येऊन जा. पत्रात कळवण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं. वाफ्याबद्दल म्हणतेय.

तुझी (कोण, ते तूच ठरव)


४ मार्च

मोजपट्टीस,

उत्तर नाही. बरं. तू कामात असशील. रस्ते काय आपोआप सरळ जातात थोडेच!

मी सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालते आहे. वाळलेला पालापाचोळा रोज झाडून काढते. शेजारच्या झाडाची पानं पडतात ती एकेक वेचते. तुला माझी खोड माहीतच आहे. चौतीस वर्षं वाचनालयाच्या बांधणी विभागात जुनी पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढवले. धूळ दिसली की हात शिवशिवतात. वाफा आता अगदी लख्ख आहे. लोळणबाई मात्र दिवसेंदिवस वाळत चालली आहे. मी कुठे चुकतेय तेच कळत नाही.

परवा आमचे चिरंजीव आले होते. महिन्यातून एकदा येतात, सफरचंदं आणतात, घड्याळ बघतात. मागे गेले आणि म्हणाले, "आई, इथे काय उगवतंय? फरशी टाकून देतो. चिखल होणार नाही, तुझा पाय घसरणार नाही."

मी म्हटलं, "तुझ्या नव्या घरात टाक फरशी. इथे हात लावलास तर सफरचंदं बाहेर फेकीन."

त्याने ती उचलून फ्रिजमध्ये ठेवली आणि गेला. माझा राग त्याला कधी खरा वाटलाच नाही. कदाचित तो कधी खरा नव्हताच.

सहा वाजले की मी अजून मागचं दार उघडते. तू फाटक ढकलून यायचीस, चपला काढायच्या आधीच वाफ्यापाशी उकिडवी बसायचीस आणि पर्समधला टेप काढून मोजायचीस, बाई आज किती सरकल्या ते. भिंतीवर पेन्सिलीने खूण, बाजूला तारीख. "अगं, चहा निवतोय," मी आतून म्हणायचे. "आई, दोन बोटं! एका आठवड्यात दोन बोटं!" तू बाहेरून म्हणायचीस. मला त्या दोन बोटांचं काय कौतुक असणार? पण तुझा आवाज घरभर व्हायचा. आता सहा वाजता चहा निवत नाही. मी एकटी गरम गरम पिऊन टाकते.

तुझी


२२ एप्रिल

मोजपट्टीस,

आनंदाची बातमी! तुझी लोळणबाई मस्त आहे. काळजी करू नकोस. मधे थोडी रुसली होती, आता हिरवीगार झाली आहे, आणि ऐक, फुललीसुद्धा आहे! एक फूल तुला पाठवतेय. चांगलं दाबून सुकवलंय, पूर्वी पुस्तकं दाबून ठेवायचे त्या लाकडी दाबाखाली चार दिवस होतं. यंदा रंग जरा गडद आलाय. खत मानवलं असेल.

आता तरी ये बघायला. एवढी फुललेली तू पाहिली नसशील.

तुझी


९ मे

मोजपट्टीस,

तुझं कार्ड मिळालं.

पोस्टमन ते देऊन गेला तेव्हा माझे हात पिठाचे होते. तसंच घेतलं, म्हणून एका कोपऱ्यावर माझा अंगठा उमटलाय. चौदा महिन्यांनी तुझं अक्षर! आधी वाचलंच नाही. नुसतं बघितलं. मग वाचलं. 'या फुलाला पाच पाकळ्या आहेत. तिला चार असतात. ती एप्रिलमध्ये फुलत नाही.' बस्स. वर काही नाही, खाली काही नाही.

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मी रेटलं चांगलं, पण पाकळ्या मोजायला विसरले. मोजणाऱ्या बाईला फूल पाठवताना!

खरं सांगते. मार्च संपता संपता लोळणबाई पूर्ण वाळली. एक पान राहिलं नाही. काड्या चुरल्या की भुसा व्हायचा. तू एवढ्या विश्वासाने मागे ठेवून गेलीस आणि मी तिला मारलं, या विचाराने मला जेवण जाईना. (विश्वासाने ठेवून गेलीस हेही मीच ठरवलंय. तू नुसती निघून गेली होतीस.) मग रोपवाटिकेत गेले. तिथल्या टकल्या म्हाताऱ्याला खाणाखुणांनी सांगितलं, गोल पान, निळं फूल, जमिनीसरसं. तो म्हणाला, "मावशी, हे घ्या, डिट्टो तेच. कुठूनशी परदेशातून आलंय, मरतच नाही!" बारा रोपं आणली आणि तुझ्या वाफ्यात लावली. दोन आठवड्यांत सगळा वाफा भरून गेला. चकचकीत पान, भडक फूल. मला ते कधी आवडलं नाही. घरात कुणी तिसरंच येऊन राहिल्यासारखं वाटायचं.

तुला कळणार नाही असं वाटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तशातली गत.

पण कार्ड आलं, याचा आनंद झालाय तो झालाच. खोटं पकडायला का होईना, तू लिहिलंस. कार्ड मी उशाशी ठेवलंय.

तुझी


१७ मे

मोजपट्टीस,

मागच्या पत्रात एक खोटं कबूल केलं आणि त्यावर खूश होऊन बसले. आठ दिवस झाले. त्याच्या आधीचं मोठं खोटं पोटात तसंच आहे. तुझ्या कार्डातल्या तीन ओळी रोज वाचते आणि रोज वाटतं, ही पाकळ्यांबद्दल बोलतच नाहीये.

तर घे. मला माहीत होतं.

तुझ्या आधी दीड वर्ष माहीत होतं. त्याचं दुसरीशी जुळलंय हे त्याने स्वतः सांगितलं होतं, इथेच, स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. "आई, तिला आत्ताच सांगू नकोस, मी बघतो." मी त्याला एक थोबाडीत द्यायला हवी होती. मी विचारलं, "चहा घेणार?"

मला वाटलं, पोरगा आहे, भरकटलाय, येईल ठिकाणावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि खरं सांगू का? त्याहून मोठी भीती दुसरीच होती. तुला कळलं तर तू जाशील. तू गेलीस तर सहा वाजता फाटक कोण ढकलणार? मी त्याच्यासाठी गप्प बसले असं जगाला वाटतं, तुलाही वाटत असेल. मी माझ्यासाठी गप्प बसले. तू हवी होतीस म्हणून तुला फसवलं. एवढं बिनडोक गणित कुणी केलं नसेल.

तुला ताप भरला होता तो दिवस आठवतो? उन्हात दिवसभर आखणी करून आलीस आणि आडवी पडलीस. मी कपाळावर ओला कपडा ठेवत होते. तू विचारलंस, "आई, तो कुठे आहे? फोन लागत नाहीये." मी म्हटलं, "दौऱ्यावर गेलाय गं. तिथे रेंज नसते." तो कुठे होता ते मला गल्लीसकट माहीत होतं. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तुम्ही आहात ना, बास." मी तो हात काढून घेतला नाही. कपडा परत भिजवला, पिळला, ठेवला.

आणि तू निघालीस त्या दिवशी, बॅगेची चेन लावता लावता मान वर न करता विचारलंस, "तुम्हाला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

त्या क्षणी तू मला सोडून गेलीस, मला कळलं होतं. त्याला तर तू आधीच सोडलं होतंस.

क्षमा मागायची म्हणून हे लिहीत नाहीये. क्षमा मागायला मला तोंड नाही. पण मला तुझी इतकी आठवण येते, की कधी कधी वाटतं, त्याच्याऐवजी तूच माझ्या पोटी यायला हवी होतीस. असं आईने लिहू नये. लिहिलं.

तुझी


१२ ऑगस्ट

मोजपट्टीस,

तीन महिने लिहिलं नाही. तुलाही माझ्यापासून जरा सुटका.

मे महिन्यातच रोपवाटिकेतली सगळी बारा रोपं उपटली. मरतच नाही म्हणाला होता त्यात तथ्य होतं. पंधरा दिवस रोज कुठून तरी डोकं वर काढायची. वाफा रिकामा झाला. मग झाडू घेतला आणि तिथेच थांबले. विचार केला, तू ज्या उतारावरून हिला आणलीस तिथे झाडायला कोण जात होतं? पाणी कोण घालत होतं? शेजारच्या झाडाची पानं पडली, पडू दिली. कुजली, कुजू दिली. झारी उलटी करून ठेवली. माझ्यासारख्या बाईला स्वच्छता न करणं किती जड जातं ते तुला माहीत आहे. शिवणबाई फाटकावरून डोकावून म्हणाल्या, "बरं नाही का तुम्हाला?"

उन्हाळा सरला आणि जमीन गार झाली. गेल्या आठवड्यात कुजलेली पानं बोटाने बाजूला केली तर खाली गोल, नखाएवढी, फिकट पानं. चार ठिकाणी! मेलीच नव्हती. उन्हात वरचं सगळं टाकून खाली बसून राहिली होती. मी उगाच तिच्यासाठी रडले, आणि उगाच तिच्या जागी दुसरी आणून बसवली. आता मोजते तेव्हा चारच्या नऊ झाल्यात. गाठीगाठीला मूळ धरत सरकते. फूल अजून नाही. आलं की पाकळ्या मोजीन.

आता मुद्द्याचं. ही तुझी आहे. तू वाचवून आणलीस. तुझ्या नव्या घराला मागे जागा आहे आणि तीही सावलीतच आहे, असं कळलं. (कुणाकडून ते विचारू नकोस. पोट तेच.) येऊन घेऊन जा. आवळा देऊन कोहळा काढतेय असं वाटेल तुला, आणि वाटलं तर चूक नाही. पण तोंड बघायचं नसेल तर तसं कळव. मी त्या वेळेत बाहेर जाईन.

तुझी


३ सप्टेंबर

मोजपट्टीस,

कार्ड पोचलं. 'चौदा तारखेला, रविवारी, सकाळी दहाला येईन. तुम्ही घरी नसाल तर.'

नसेन. शब्द देते. साडेनऊलाच वाचनालयात जाऊन बसेन, एकच्या आत परतणार नाही. मागच्या फाटकाची कडी काढून ठेवीन. खुरपं पायरीवर असेल, पिशव्या बादलीत. पाहिजे तेवढी ने, सगळी नेलीस तरी चालेल.

फुलं आली आहेत. चार पाकळ्या. तीनतीनदा मोजल्या.


१५ सप्टेंबर

मोजपट्टीस,

मी घरी होते.

साडेनऊला निघाले, खरंच निघाले. पुढच्या दाराला कुलूप लावलं. कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे पाय थांबले. मनात म्हटलं, नुसतं लांबून बघू, तिला काय कळतंय? परत आले, मागच्या बाजूने आत शिरले, आतून कडी घातली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पडद्याआड उभी राहिले. या वयात, स्टुलाला धरून.

तू दहा वाजून वीस मिनिटांनी आलीस. केस कापलेस. बारीक झालीस, की केसांमुळे वाटलं कोण जाणे. पर्स पायरीवर ठेवून थेट उकिडवी बसलीस. किती तरी वेळ हात लावला नाहीस, नुसती बघत होतीस. मग खुरपं घेतलंस. एक तुकडा उचललास, शेजारचा ठेवलास, पुढचा उचललास. अर्धी घेतलीस आणि अर्धी ठेवलीस. खड्डे मातीने बुजवलेस, वर कुजलेली पानं परत पसरलीस, तळव्याने दाबलीस. मी इथे पडदा मुठीत धरून उभी. तुझे हात मातीने भरलेले, नळावर धुतलेस, माझ्या पंच्याला पुसलेस. मला वाटलं, आता जाईल.

तू गेली नाहीस. दारापाशी आलीस. आणि म्हणालीस, "आई?"

माझा हात कडीवर होता. मधे नुसती एक फळी.

"आई, आहात का?"

मी काय केलं ते तुला माहीत आहे, कारण तुला काहीच ऐकू आलं नाही. मी तोंडावर पदर दाबला. डोक्यात एकच: शब्द दिलाय. दार उघडलं तर ही म्हणेल, तिसऱ्यांदा खोटं बोललात. म्हणून खरं ठरण्यासाठी मी घरात असून घरात नसल्यासारखी उभी राहिले. तू थांबलीस. दीड मिनिट असेल, दोन असेल. मग फाटक लागल्याचा आवाज आला. कडी नीट लावून गेलीस.

काल दुपारचे तीन वाजले तेव्हा कुठे मला कळलं. अट तूच घातली होतीस, की मी नसावं. आणि हाक तूच मारलीस. कुणी रिकाम्या घराला हाक मारत नाही गं. मारतं का? तुला कदाचित कळलं होतं मी आत आहे. पडदा हलला असेल. कदाचित कळलं नव्हतं, नुसतं वाटलं असेल, असाव्यात. दोन्हीत तू मला विचारत होतीस, आणि मी पुन्हा तेच केलं. त्याला चहा घेणार का विचारलं, तुला दौऱ्यावर गेलाय म्हटलं, काय माहीत होतं म्हटलं, आणि काल काहीच म्हटलं नाही. जेव्हा जेव्हा तू मला विचारलंस, तेव्हा मी आत लपले.

आज सकाळपासून हे चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहिताना लक्षात आलं, पत्र लिहिणं हेही दाराआड उभं राहणंच झालं. तू कार्ड टाकणार, मी पाकीट टाकणार, आणि आपण दोघी एकमेकींची अक्षरं बघत म्हाताऱ्या होणार. मी तर झालेच आहे.

म्हणून हे पेटीत टाकत नाही. हातात घेऊन येतेय. आत्ता, सव्वाचारच्या बसने. शिवणबाईंना सांगितलंय, म्हणजे एव्हाना अख्ख्या गल्लीला माहीत असेल. बस तुझ्या घराजवळ सहाच्या सुमाराला पोचते म्हणे. तू घरी नसलीस तर पायरीवर बसेन. घरी असूनही दार उघडावंसं वाटलं नाही, तर उघडू नकोस. हे पत्र दाराखालून सरकवीन आणि शेवटच्या बसने परत येईन. तेवढा हक्क तुझा आहे.

पण काल तू दोनदा हाक मारलीस. तिला ओ द्यायची राहिली आहे. ती द्यायला येतेय.